टांग्याची मागची बैठक

१

धुळ्याला जायचं म्हणजे आमचा अख्खा दिवस जायचा. सकाळी पहूरला पी.जे.ची, म्हणजे अरुंद रुळांवरची लहान गाडी धरायची, पाचोऱ्याला मोठ्या गाडीत चढायचं, चाळीसगावला उतरून धुळ्याच्या गाडीची वाट बघत फलाटावरच दशम्या सोडायच्या. पी.जे. इतकी सावकाश चालायची, की आबा दर खेपेला म्हणत, "हिच्याहून आपले बैल बरे. त्यायले चारा दिसला तरच थांबता." आबा म्हणजे माझे वडील. सरकीचा व्यापार होता आमचा. धुळ्याच्या तेलवाल्यांना आम्ही सरकी पुरवत असू, आणि मिसरूड फुटल्यापासून मी आबांचं बोट धरून, म्हणजे त्यांची वळकटी डोक्यावर घेऊन, त्यांच्या मागे असायचो.

धुळ्याला उतरेपर्यंत उन्हं कललेली असत. स्टेशनाबाहेर तोताराम टांगेवाला आमची वाट बघत उभा असायचा. त्याची घोडी पांढरी, चांदणी नावाची, आणि नावाला न शोभेल इतकी तापट. टांगा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो, त्यात सगळी मेख वजनाची असते. एक बैठक पुढे, हाकणाऱ्याशेजारी. एक मागे, पाठीला पाठ लावून, तोंड मागच्या रस्त्याकडे. मागे जड झालं की गाडी उलाळ होते, दांड्या वर उचलल्या जातात, पोटाखालचा पट्टा घोडीला काचतो. पुढे जड झालं तर ती धुरजड, सगळा भार जनावराच्या पाठीवर. म्हणून माणसं कुठे बसवायची हे टांगेवाला ठरवतो, गिऱ्हाईक नाही.

आबा अंगानं भक्कम. ते मागेच बसत. "येनारा रस्ता तोताराम पाहते. गेलेला कोनी पाहाव?" असं त्यांचं म्हणणं. मग तोताराम मला हाक मारी, "मगनभाऊ, तुमी पुढे या. नाना मांगे बठनात, गाडी उलाळ व्हयी ऱ्हायनी." खानदेशात कुणाचाही आबा बाहेर नाना होतो. मी पुढे बसलो की गाडी कशी तराजूसारखी तुलायची, चांदणी कान टवकारायची, आणि आम्ही निघायचो.

धुळ्यात तेव्हा पाट होते. पांझरेला बंधारे घालून काढलेले जुने पाट गावाच्या कडेनं, मळ्यांतून, कुठे घरांच्या मागच्या दाराशी खेटून वाहायचे. पाणी पाळीनं सुटायचं. सुटलं की सगळ्या रस्त्याला गारवा यायचा आणि ओल्या मातीचा, लसणाच्या पातीचा वास. आम्ही उतरायचो ते रतिलालशेठचं लॉज त्या पाटाच्याच काठी होतं. अलीकडे थोड्या अंतरावर पाटावर दगडी फरशी होती. लहानसा पूलच तो. बाजूनं पाण्यात उतरायला पायऱ्या होत्या.

त्या फरशीवर आबा टांगा थांबवत. परगावात शिरायचं ते पाय धुऊन, अशी आमच्याकडची रीत. लॉजात नळ होता, पण आबांना पाटच हवा. ते उतरले की मागचा भार जाऊन टांगा पुढे झुकायचा आणि चांदणी फुरफुरायची. "येतो रे," आबा म्हणायचे. "या," मी म्हणायचो. आमच्याकडे निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही आणि राहणारा त्याला 'जा' म्हणत नाही. बाजारात मेथी आणायला निघालेल्यालासुद्धा 'या' म्हणतात. मग मी सामान घेऊन पुढे जायचो आणि आबा पाय धुऊन पाटाच्या काठाकाठानं चालत मागून यायचे. त्यांचा जोडा करकरायचा. लॉजच्या ओट्यावर बसून मी ती करकर जवळ येताना ऐकायचो. रतिलालशेठ त्यांच्या चहावर बशी झाकून ठेवायचे.

जगात इतकं सुख होतं, आणि मला ते सुख आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

२

देशातली पहिली निवडणूक झाली त्यानंतरच्याच उन्हाळ्यात आबा गेले. घरी, अंथरुणावर, मला डोळ्यांनी जवळ बोलावून. काही अपघात नाही, काही मागे राहिलेली इच्छा नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर लोकांनी मला हेच खोदून खोदून विचारलं.

दिवाळीनंतर सरकीच्या कामाला मी एकटा धुळ्याला गेलो. तोताराम स्टेशनाबाहेर उभा होता. मला एकट्याला बघून त्यानं डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. सवयीनं मी पुढे त्याच्या शेजारी बसलो. दोन माणसं पुढे, मागे कुणी नाही. गाडी धुरजड व्हायला हवी होती.

ती तुलली.

तोतारामनं लगाम ओढून खाली पाहिलं, दांडीला हात लावला. मला म्हणाला, "सामान मांगे ठेयेल शे का, भाऊ?" सामान माझ्या पायाशी होतं. एक पिशवी. तो उतरला, मागे जाऊन आला, पुन्हा बसला. "घोडी म्हतारी व्हयनी," तो म्हणाला आणि निघाला.

मी हिशेबी माणूस आहे. चाक बसलं असेल, आस वाकला असेल, असं काहीबाही मनाशी जुळवत होतो. फरशी आली. चांदणी आपसूक थांबली. त्यात नवल नव्हतं, जनावराला सवय असते. पण ती थांबल्यावर टांगा एकदम पुढे झुकला आणि मागची फळी, तिच्यावरून कुणी उतरल्यावर वाजते तशी, 'कट्' वाजली. भीती वाटली नाही, हे खरं सांगतो. इतके महिने जे रडू आलं नव्हतं ते त्या फळीच्या आवाजानं आलं.

"या, आबा," मी म्हणालो.

आमच्याकडच्या कुठल्याही माणसाच्या तोंडून तेच निघालं असतं.

३

मग दर खेपेला तसंच. हंगामात मी वारंवार धुळ्याला जाऊ लागलो. कामं नसली तर काढू लागलो. घरी कमल, माझी बायको, चेष्टा करायची, "धुळ्याला कोनी ठेवली का?" मी हसण्यावारी न्यायचो. तिला काय सांगणार? बाप भेटतो म्हणून?

टांग्यात मी कधी मागे वळून पाहिलं नाही. पुढून वळलं तरी मधल्या पाठीमुळे मागचं माणूस नीट दिसत नाही, हे एक. दुसरं म्हणजे मला पाहायचंच नव्हतं. पाठीला पाठ लावून कुणी बसलंय एवढं मला पुरत होतं. मी पुढे तोंड करून भाव सांगायचो, पावसाचं सांगायचो, माझी लेक बेबी झाली तेव्हा तिचं बारसं सांगितलं. तोतारामला वाटे मी त्याच्याशी बोलतोय, किंवा वाटत नसेल. फरशीवर गाडी हलकी झाली की मी 'या' म्हणायचो आणि लॉजच्या ओट्यावर जाऊन बसायचो. काही खेपांनी काठावरून जोड्याची करकर ऐकू यायला लागली. लॉजच्या अलीकडच्या निंबापर्यंत यायची आणि थांबायची. मी चहावर बशी झाकून ठेवायचो. रतिलालशेठ मोठा शहाणा माणूस, त्यानं कधी विचारलं नाही.

एका खेपेला पाट कोरडा होता. गाळ काढायला पाणी बंद केलेलं, तळाला माती भेगाळलेली. फरशीवर टांगा थांबला, हलका झाला. मी म्हणालो, "या." आणि खालून पाय धुण्याचा आवाज आला. चुळुक, चुळुक. मी वाकून पाहिलं. पायऱ्या कोरड्या ठणठणीत, खाली धूळ. आवाज चालूच. त्याच वेळी वर काठावरून जोड्याची करकर लॉजकडे जाऊ लागली होती.

एका माणसाला एकाच वेळी पाय धुता येत नाहीत आणि चालताही येत नाही. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. पण मी करकर ऐकत होतो, मला तेवढंच ऐकायचं होतं.

तोताराम मात्र त्या दिवसापासून बदलला. पुढच्या खेपेला स्टेशनातून निघताना दांड्या वर उचलल्या गेल्या, चांदणीचे पुढचे पाय धड टेकेनात. आम्ही दोघं पुढे बसूनही गाडी उलाळ झाली होती. तोताराम खाली उतरून दांडीला लोंबकळला तेव्हा कुठे ती चालली.

"भाऊ," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "नाना इतला जड नव्हतात."

"घोडी म्हातारी झाली, तूच म्हणतोस."

"घोडी म्हतारी व्हयनी, पन तिले वजन समजस."

मी त्याच्यावर चिडलो. माझ्या बापाच्या वजनावर एक टांगेवाला बोलतो म्हणून चिडलो. आता हसू येतं, पण तेव्हा चांगलं फटकारलं मी त्याला.

४

बेबी पाच वर्षांची झाली तेव्हा तिच्या डोळ्यातून सारखं पाणी गळायला लागलं. धुळ्याच्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं. आम्ही तिघं निघालो. खरं सांगू? डोळ्याचं निमित्त नसतं तरी मी तिला नेलीच असती. आबांनी नात पाहिलीच नव्हती. बेबीला ते भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोतून ठाऊक होते, आणि ती रोज सकाळी त्या फोटोला "आबा, उठा" म्हणायची.

स्टेशनावर तोतारामनं बायको आणि पोरगी पाहिली आणि त्याचा चेहरा पडला. "बठ्ठा पुढे बठा," तो म्हणाला. पुढे चार माणसं कशी मावणार? कमल म्हणाली, "आम्ही मागे बसतो, तुम्ही बसा निवांत." आणि बेबीला मांडीशी घेऊन ती मागे बसली. तोतारामनं माझा दंड धरला. मी त्याचा हात बाजूला केला. मला आबांना त्यांची नात दाखवायची होती, मध्ये कुणी आलेलं मला चालणार नव्हतं.

गाडी अडखळत निघाली. मागे बेबीची बडबड चालू होती. दिवसभराच्या प्रवासानं कमल पेंगायला लागली, ते तिच्या गप्प होण्यावरून कळलं. बेबी बोलतच होती. "हे काय? ते काय?" मग थोडं थांबून "हो", मग पुन्हा थांबून हसणं. कुणीतरी तिला उत्तरं देत असल्यासारखं. मी पुढे बसून ऐकत होतो, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतका आनंद मला पुन्हा झाला नाही.

फरशी आली. पाट भरून वाहत होता. चांदणी थांबली, आणि टांगा असा काही पुढे आदळला की तोताराम दांडीवर पडता पडता राहिला. माझ्या तोंडून सवयीनं गेलंच, "या, आबा."

मागून कमलची किंकाळी आली. "बेबी कुठी गेली?"

मी उडी मारली. बेबी पायऱ्यांवर होती. पाण्याच्या लगेच वरच्या पायरीवर, माझ्याकडे पाठ करून. तिचं अंग पाण्याकडे कललेलं. उजवा हात मागे, वर ताणलेला, मूठ मिटलेली. मोठ्या माणसाचं बोट धरल्यावर लहान मुलाची मूठ मिटते तशी. हाताच्या वरच्या टोकाला कुणी नव्हतं. खालच्या पायरीपाशी पाणी दोन ठिकाणी कापलं जात होतं. पाटात पाय सोडून कुणी बसलं की पाणी असंच दोन ठिकाणी कापलं जातं. तिथेही कुणी नव्हतं.

त्या एका क्षणात मला सगळं उलटं कळलं. मला वाटलं, तो माझा बाप नाहीच. किंवा आहे, आणि माझ्या लेकीला पाण्यात घेऊन चाललाय. मी ओरडलो, "आबा, सोडा तिले!" मूठ सुटली नाही. मग मी ते म्हणालो, जे आमच्या घरात कुणी कुणाला, दारच्या भिकाऱ्यालाही, म्हटलं नव्हतं.

"जा! आबा, जा!"

हात तत्काळ सुटला. आणि हात सुटताच बेबी पुढे पाण्यात गेली.

तिच्या फ्रॉकचा घोळ माझ्या हाती लागला म्हणून ती आज आहे. ओढून वर काढली तेव्हा ती रडत नव्हती. मागे, काठावरच्या रस्त्याकडे बघत होती. तिकडून जोड्याची करकर ऐकू आली. लॉजकडे नाही, उलट्या दिशेला, स्टेशनाकडे. सावकाश. मग नाही.

५

लॉजवर कमलनं तिला कोरडं केलं, अंगाला चिकटवून घेतलं आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. रतिलालशेठ स्वतः दूध घेऊन आले. "आवो बेटा, गरम छे," म्हणाले, आणि चहाच्या कपावरची बशी गुपचूप उचलून आत घेऊन गेले.

दूध पिऊन झाल्यावर बेबी म्हणाली, "बाबा, आबाले का हाकललं?"

"ते तुले पाण्यात नेत होते ना."

"नाही!" तिला माझ्या अडाणीपणाचा राग आला. "आबानं मले धरून ठेवलं होतं. खालचे ओढू राहिले होते."

कमलचा हात थांबला. मी विचारलं, "खालचे कोण?"

"टांग्यात होते ते. आबाच्या बाजूले. आबा त्यायच्याशी बोलत नव्हते." बेबीनं ओठांवरची साय पुसली. "मी त्यायले म्हटलं, तुम्ही कोनाकडे आले? तर ते म्हने, तुझे बाबा मले दर टायमाले 'या' म्हनता."

बाहेर पाटाचं पाणी वाहत होतं. मी उठून खिडकी लावली. तिचा तो मागे ताणलेला हात मला आता नीट दिसत होता. ओढणाऱ्याच्या हाती असतो तसा नव्हता तो. आवरून धरणाऱ्याच्या हाती असतो तसा होता. पडणाऱ्या पोराला असंच धरतात. मला आबांनी लहानपणी कितीदा असंच धरलं होतं.

आणि मी त्यांना 'जा' म्हटलं, तर ते गेले. जन्मभर माझं काही न ऐकणारा माणूस, एवढं मात्र ऐकून गेला.

६

सकाळी डॉक्टरांकडून आलो आणि परतीची तयारी केली. तोताराम टांगा घेऊन लॉजसमोर आला होता. परतीला मागची बैठक कधीच जड नसायची, इतक्या वर्षांत एकदाही नाही. जड असायची ती येताना, आणि तीही फरशीपर्यंतच.

कमल आणि बेबी ओट्यावर उभ्या होत्या. मी पिशवी घेऊन पायरीवर. तोताराम खाली उतरून चांदणीच्या तोंडाशी उभा. टांग्यात कुणी नव्हतं.

सगळ्यांच्या देखत मागची फळी 'कट्' वाजली. दांड्या हळूहळू वर उचलल्या गेल्या. पोटाखालचा पट्टा ताणला. चांदणीनं मान टाकली आणि ती थरथरायला लागली. कुणीतरी, आबांहून पुष्कळ जड असं कुणीतरी, आमच्या दारात निवांत बसलं होतं, आम्ही चढायची वाट बघत.

"भाऊ," तोताराम म्हणाला. "मांगे कोन बठनं?"

बेबी आईच्या पदराआड गेली. मी तोतारामला म्हणालो, "घोडी सोड. गाडी राहू दे इथं." त्यानं पट्टे सोडले, चांदणी बाहेर काढली. दांड्या तशाच आभाळाकडे उभ्या राहिल्या. आम्ही मागच्या दारानं निघालो, नावांऐवजी नंबर असलेल्या गल्ल्यांमधून, पाट टाळत, भर उन्हात चालत स्टेशनावर गेलो. तोताराम घोडीला धरून आमच्याबरोबर चालत आला. त्यानं पुढे टांगा हाकला नाही, भाड्यानं मळा कसायला घेतला असं ऐकलं. पाटापासून लांबचा.

मी धुळ्याचं गिऱ्हाईक सोडलं. बेबीला धुळ्याची चांगली स्थळं सांगून आली, मी ती मुलगा न पाहताच परत केली. वरणगावला दिली तिला. तिचं छान चाललंय. माहेरी येते, चार दिवस राहते आणि निघताना पायरीवर थांबून म्हणते, "बाबा, येते." मी नुसती मान हलवतो. नातेवाइकांत मी माणूसघाणा म्हणून प्रसिद्ध आहे. दारातून जाणाऱ्या कुणालाच मी काही म्हणत नाही. कमल म्हणते ते ऐकू येऊ नये म्हणून आत जातो.

आता पी.जे.त बसलं की आबांचे बैल आठवतात. डब्यात कुणाचा जोडा करकरला की काळजात हलतं. कुठल्या रस्त्याला असतील ते? स्टेशनाच्या दिशेनं गेले होते, म्हणजे घराकडेच निघाले असतील. गेलेला रस्ता बघत, पाठमोरे. त्यांना परत बोलवायला एकच शब्द आहे, आणि तो मला म्हणता येत नाही.